घोडं पेंड नेमकं कुठे खातंय? (मैनेच्या पोटाचा अल्सर, चंदी आणि ओहोटीचं वेळापत्रक)

खारवारा | १८ नोव्हेंबर, रात्री १०.४२

इथे कुत्र्यामांजरांचे ढीगभर धागे आहेत, घोड्याचा एकही सापडला नाही. म्हणून नवीन काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही अलिबागचे. सासऱ्यांची किनाऱ्यावर घोडागाडी आहे. ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यापर्यंत फेऱ्या, एरवी वाळूवर रपेट. दोन जनावरं: मैना (घोडी, नऊ वर्षांची, तांबडी) आणि राजा. राजा ठणठणीत आहे. मैना दिवाळीच्या सुट्टीपासून बिघडली.

सकाळी चंदीचा (दाण्याच्या खुराकाचा) तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची पिशवी, चढवला की चार घास खाते आणि मान वर करून उभी राहते. तोबरा काढला की गवताकडे मात्र जाते. तंग (पोटाखालचा पट्टा) कसताना आजवर कधी दात दाखवले नव्हते, आता दोनदा सासऱ्यांच्या दंडाला धरलं. खाल्ल्यावर थोड्या वेळाने पुढच्या पायाने जमीन उकरते, कुशीकडे वळून बघते, जांभयांवर जांभया देते. लीद एक दिवस नीट, एक दिवस गाईच्या शेणासारखी. अंगावरची चकाकी गेली, कितीही खरारा करा. बरगड्या मोजता येतात.

सासरे म्हणतात नजर लागली. मीठमिरच्या ओवाळून झाल्या. एका ओळखीच्या माणसाने जंताचं औषध पाजलं, फरक शून्य. मध्ये पाय लंगडत होता म्हणून दहा दिवस दुखण्याची पावडर चालू होती. त्यात खाणं आणखी तुटलं.

खाण्याचं सांगते. पहाटे साडेपाचला दीड किलो चंदी (७५० ग्रॅम चणे, ६०० ग्रॅम मक्याचा भरडा, बाकी गूळ). रात्री आठला पुन्हा तेवढीच. मध्ये काही नाही, कारण जुंपलेली असते. रात्री भाताचा पेंढा. पाणी सकाळी आणि काम संपल्यावर.

कुणाला काही अंदाज?

रेवदंडेकर | १८ नोव्हेंबर, रात्री ११.१५

पहिली शंका वाळूची. आमच्याकडे एक घोडा असाच उकरायचा, शेवटी पोटात वाळूच वाळू निघाली. पेंढा थेट जमिनीवर टाकता का? किनाऱ्यावरचा घोडा सांडलेले दाणे टिपताना दाण्यापेक्षा वाळू जास्त गिळतो.

घरच्या घरी बघता येतं. ताज्या लिदीचे वरवरचे सहा गोळे घ्या, जमिनीला टेकलेले नकोत. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत पाण्यात कुस्करा आणि पिशवी वीस मिनिटं टांगून ठेवा. तळाशी बोटाने चाचपा. चमचाभर वाळू हाताला लागली तर मामला गंभीर. आम्हाला डॉक्टरांनी इसबगोल दिलं होतं, किलो वजनाला एक ग्रॅम या हिशोबाने, चंदीत कोरडंच कालवून. आधी भिजवलं तर बुळबुळीत होतं आणि जनावर तोंड लावत नाही.

सोलकढी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मला तर हे सरळ पित्त वाटतंय. माणसासारखंच. कोकम आगळ पाण्यातून देऊन बघा. नाहीतर कोरफडीचा गर, नाहीतर खायचा सोडा. आमची आजी म्हशीलासुद्धा सोडा द्यायची.

खारवारा | १९ नोव्हेंबर, दुपारी २.३०

रेवदंडेकर, पिशवी टांगली. तळाशी चिमूटभर आहे, चमचा नाही. तरी आजपासून पेंढा घमेल्यात.

डॉ. नालबंद | १९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

पशुवैद्य आहे, रायगडातच. न बघता निदान करणार नाही, पण हे सगळं वाचून आमच्यातला कुणीही आधी जठराचा अल्सर म्हणेल. चंदी नको पण गवत चालतं, तंगाला चावते, खाल्ल्यावर पोट दुखतं, आणि वर दुखण्याची पावडर. ती कोणती होती, पाकीट असेल तर नाव बघा. डायक्लोफेनॅक असेल तर ते २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे (ते औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊनच गिधाडं संपत आली). फेनिलब्युटाझोन असेल तर घोड्याला चालतं, पण जास्त दिवस दिलं की जठराचा आतला थर सोलवटून काढतं.

सोलकढी, रागावू नका, पण घोड्याला पित्ताशयच नसतं. आपण ज्याला पित्त म्हणतो ते इथे जठरातलं आम्ल. आपल्या जठरात जेवणाच्या वेळी आम्ल वाढतं. घोड्याच्या जठरात ते दिवसरात्र पाझरत राहतं, तोंडात घास असो वा नसो. मोठ्या घोड्यात तासाला दीड लिटरच्या आसपास. कारण हा सोळा-सतरा तास चरत राहणारा प्राणी. त्याच्या आम्लावर उतारा त्याची लाळ, आणि ती फक्त चावताना सुटते. नुसतं गवत दिसून तोंडाला पाणी सुटत नाही. किलोभर गवत चावायला घोड्याला चाळीसेक मिनिटं लागतात, किलोभर धान्य दहा मिनिटांत फस्त. म्हणजे धान्यावर लाळही तेवढीच कमी.

दुसरी गोष्ट जठराची ठेवण. खालच्या भागाला चिकट अस्तर असतं, आम्ल त्याला सहज बाधत नाही. वरचा भाग अन्ननलिकेसारखा, उघडाच. घोडा उभा असताना आम्ल तळाशी राहतं. दुडकी धरली की पोटाचे स्नायू आवळतात आणि तेच आम्ल वर उसळतं. पोटात गवताची गादी असेल तर उसळत नाही. तुमची मैना साडेपाचला दाणे खाऊन रिकाम्या पोटी वाळूत धावते. समजा सहा तास गाडी ओढली, तर सहा तास वरचा भाग आम्लात.

आता चंदी. मैनेचं वजन किती? काटा नसेल तर दोरीने मोजा: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. उत्तर किलोत.

घाईने औषध सुरू करू नका. दात आणि सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) यांचीही शंका घ्यायला हवी. आपल्याकडे पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्यांमुळे सर्रा होतो आणि घोडा असाच वाळत जातो. रक्त तपासून घ्या.

खारवारा | २० नोव्हेंबर, सकाळी ८.२०

घेर १५०, लांबी १४५. पावडर फेनिलब्युटाझोनच होती. बंद केली. सासरे म्हणाले, "घोडीचं माप घेतेस, झगा शिवतेस का?"

डॉ. नालबंद | २० नोव्हेंबर, दुपारी १.१०

म्हणजे २७५ किलो. स्टार्चची मर्यादा एका वेळेला किलो वजनामागे १ ग्रॅम, दिवसभरात २ ग्रॅम. तुमच्या एका तोबऱ्यात गूळ सोडला तरी ७०० ग्रॅमच्या आसपास स्टार्च आहे. मैनेला झेपतं २७५. अडीच पट झालं. स्टार्च आणि गूळ जठरात आंबतात आणि त्यातून निघणारी आम्लं उघड्या भागाला आणखी पोळतात.

आणि भाताचा पेंढा. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये २०१ घोड्यांची जठरं दुर्बिणीने तपासली होती. ज्यांना चारा म्हणून फक्त काड मिळत होतं, ज्यांच्या दोन चाऱ्यांमध्ये सहा तासांहून जास्त खंड पडत होता, ज्यांच्यासमोर सतत पाणी नव्हतं, त्यांच्यात अल्सर जास्त सापडले. तिकडचं काड गहू-जवाचं, आपलं भाताचं. भाताच्या पेंढ्यात तर वाळूसारखी सिलिका असते आणि कस जवळजवळ नाही. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी एकत्र आल्यात. घोडं पेंड खातंय ते इथे.

पागेदार | २० नोव्हेंबर, सायंकाळी ६.४५

पुण्याच्या रेसकोर्सवर बावीस वर्षं काढली, आता गुहागरला. डॉक्टरांना शंभर टक्के अनुमोदन. शर्यतीच्या तालमीतल्या घोड्यांत दहापैकी आठांना तरी अल्सर असतात आणि त्यातले निम्मे बाहेरून तलवारीसारखे दिसतात. आम्ही मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) लोक दुर्बीण यायच्या आधी तोबऱ्यावरून ओळखायचो. दाणे मागे राहिले की साहेबांना सांगायचं. दाणे टाकून गवत खाणारा घोडा नखरेल नसतो, तो दुखण्याला टाळत असतो.

घोडा ओकू शकत नाही हेही लक्षात असू द्या. पोटात गेलं ते पुढेच जाणार. त्यामुळे घरगुती प्रयोग जपून.

सोलकढी | २० नोव्हेंबर, रात्री ८.००

बरं, आगळ मागे घेतलं. पण कोरफडीचं काय? ती तर थंड.

डॉ. नालबंद | २० नोव्हेंबर, रात्री ८.४०

कोरफडीचा गर घोड्यांवर तपासला गेलाय, २०१८ चा अभ्यास आहे. ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधापुढे टिकला नाही. शिवाय आपण घरी पान चिरतो तेव्हा सालीखालचा पिवळा चीक आत येतो, तो जालीम रेचक. आधीच पातळ लीद टाकणाऱ्या घोडीला तो नकोच. सोड्याचा परिणाम फार थोडा वेळ टिकतो, आम्ल मात्र पाझरतच राहतं.

अनुस्वार | २१ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

एवढी चर्चा चाललीय, पण मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. पर्यटकांच्या हौसेसाठी जनावर वाळूत पळवायचंच कशाला? मुंबईतल्या व्हिक्टोरिया (घोडागाड्या) उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. मग किनाऱ्यावर वेगळं काय आहे? गाडी बंद करा, अल्सर आपोआप बरा होईल.

खारवारा | २१ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

अनुस्वार, तुमचा राग कळतो. दिवाळीत एका गाडीवर आठ माणसं बसवणारे मीही बघते आणि भांडते. पण गाडी बंद केली तर मैनेला पोसायचं कुणी? सासरे ७१ वर्षांचे आहेत, दुसरं काही येत नाही. विकली तर ती कुठल्या वरातीत डीजेसमोर नाचताना सापडेल. मला ती आमच्याकडेच, कमी कामावर आणि बरी हवी आहे. तेवढ्यापुरता हा धागा.

अनुस्वार | २१ नोव्हेंबर, दुपारी ४.००

मान्य नाही, पण प्रामाणिक उत्तर आहे. वाचत राहीन.

पागेदार | २१ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

अवांतर: काम बंद करून खुंट्याला बांधली तरी अल्सर होतो. कोंडलेला, एकटा, दोन वेळा दाण्यावर ठेवलेला घोडा त्यातलाच. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने धंदा नसतो तेव्हा बघा. जुनं कोडं आहे ना: पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली? न फिरवल्याने.

खारवारा | ४ डिसेंबर, रात्री ९.३०

उशीर झाला. रक्त तपासलं, सर्रा नाही. दात थोडे अणकुचीदार झाले होते, ते घासून घेतले. आणि परवा दुर्बीण झाली.

माणसाची दुर्बीण घोड्याला पुरत नाही, तीन मीटरची लागते. मुंबईचे एक डॉक्टर गाडीत दुर्बीण घालून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरले. आदल्या रात्रीपासून मैनेला उपाशी ठेवायचं होतं. सोळा तास. जिथे खंड पाडू नका असं इथे सगळे सांगताय, तिथे मुद्दाम खंड! राजाला शेजारच्या वाडीत नेलं, नाहीतर त्याच्या खाण्याच्या आवाजाने तिने दावं तोडलं असतं. रात्रभर ती पायाने जमीन खणत होती आणि सासरे तिच्यासोबत खाटेवर. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "तिला नाय तर मला कशाला?"

गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि नळी नाकातून आत. पडद्यावर आधी गुलाबी बोगदा, मग जठर. डॉक्टरांनी हवा भरून ते फुगवलं. वरचा भाग फिकट, खालचा लालसर, मध्ये दुमडीसारखी रेघ. रेघेच्या वरच्या अंगाला सगळीकडे खरवडल्यासारख्या जखमा, दोन ठिकाणी खोल, कडा पिवळट. चारपैकी तीन नंबरचा अल्सर म्हणाले. मग नळी खाली वळवली. जठर जिथे आतड्याला मिळतं तिथे लाल सुजलेले चट्टे होते. हे त्या दुखण्याच्या पावडरीचं देणं असू शकतं, असं त्यांचं मत.

सासऱ्यांनी चष्मा चढवून पडद्यात पाहिलं. बराच वेळ बोलले नाहीत. नजरेचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

औषध: ओमेप्राझोल २८ दिवस, पहाटे उपाशीपोटी, त्यानंतर पाऊण तासाने गवत. खालच्या चट्ट्यांसाठी सुक्रालफेट दोन वेळा, दुसऱ्या औषधांपासून अंतर ठेवून.

आता प्रश्न. घोड्याची पेस्ट इथे मिळत नाही, मागवावी लागते आणि भाव ऐकून घेरी आली. औषधाच्या दुकानात माणसांच्या २० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळतात. चार दिवस पेस्ट यायला लागतील. तोवर कॅप्सूल फोडून, खलबत्त्यात कुटून देऊ का?

डॉ. नालबंद | ४ डिसेंबर, रात्री १०.०५

कुटू नका! ओमेप्राझोल आम्लात टिकत नाही, जठरातच मरतं. म्हणून कॅप्सूलमधल्या प्रत्येक दाण्यावर आवरण असतं, ते आतड्यात गेल्यावर विरघळतं. कुटलंत की औषध मातीमोल. पेस्टमध्ये त्यासाठी वेगळी सोय केलेली असते.

पेस्टची नेहमीची मात्रा किलोला ४ मिलिग्रॅम. मैनेला ११०० मिलिग्रॅम म्हणजे २० च्या ५५ कॅप्सूल झाल्या. दुकानदार तुमच्याकडे संशयानेच बघेल. आवरणाच्या दाण्यांना मात्रा याहून कमीही पुरते, पण किती आणि कशी द्यायची ते ज्यांनी दुर्बिणीतून पाहिलं त्यांनाच आज रात्री फोन करून विचारा. माझ्यावर विसंबू नका, मी मैना पाहिलेली नाही.

उपाशीपोटी का? पोट भरलेलं असेल तर औषध नीट शोषलं जात नाही. आणि २८ दिवस झाल्यावर एकदम तोडू नका. आम्ल उलटून जोरात येतं. मात्रा हळूहळू उतरवायची.

वरच्या जखमा साधारण महिन्यात भरतात. खालच्या भागाचं चिवट असतं, नुसत्या ओमेप्राझोलला बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणून सुक्रालफेट चुकवू नका.

पण जुनाच दिनक्रम चालू ठेवलात तर औषध थांबल्यावर काही दिवसांतच जखमा परत. खरं काम गवताचं आहे.

खारवारा | १४ डिसेंबर, रात्री १०.२०

गवताचं काम म्हणजे काय ते या दहा दिवसांत कळलं. सविस्तर लिहिते, किनाऱ्यावरच्या बाकीच्या घोडेवाल्यांना उपयोग होईल.

आमचा दिवस घड्याळावर नाही, पाण्यावर चालतो. किल्ल्याची फेरी ओहोटीलाच. ओहोटी रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. आज अकराला सुकती असेल तर आठवड्याने ती पार संध्याकाळकडे जाते. त्यामुळे "सकाळी सातला खाणं, बाराला खाणं" असा तक्ता आमच्याकडे चालूच शकत नाही. आजवर काम आधी आणि उरल्या वेळात खाणं, असंच होतं. मी कॅलेंडरवर भरती-ओहोटीच्या वेळांसमोर मैनेचं खाणं लिहून काढलं. नियम एकच ठेवला: जुंपायच्या आधी अर्धा तास पोटात गवत गेलंच पाहिजे आणि दोन खाण्यांत चार तासांवर खंड नको.

फेऱ्यांच्या मधल्या वेळात खायचं तर गवत वाळूवर टाकता येत नाही, वाळू पोटात जाते. तोबऱ्यात गवत मावत नाही. मग शेजारच्या कोळीवाड्यातून फाटकं मासळीचं जाळं मागून आणलं. दोऱ्याचं हं, तंगुसाचं (नायलॉनच्या तारेचं) नव्हे. तंगूस हिरड्या कापतो. गोड्या पाण्यात तीनदा धुतलं, तरी पहिल्या दिवशी मैना बोंबलाच्या वासाने नाक फेंदारून मागे सरली. दोन पदरी करून पिशवी शिवली. भोकं बारीक असल्यामुळे एकेक काडी ओढून खाते, दोन किलो गवत दीड-दोन तास पुरतं. गाडीच्या मागच्या दांडीला छातीच्या उंचीवर बांधतो. खाली लोंबलं तर नालेचा पाय अडकेल, म्हणून जाळं रिकामं होत आलं की वर ओढून घ्यायचं.

बाकीचे गाडीवाले पहिले दोन दिवस विचारत होते, काय गाडीवर पापलेट भरलंय का.

चारा: पेंढा पूर्ण बंद केला नाही, सगळ्याच गवताचा खर्च झेपत नाही. डोंगरउतारावरचं वाळलं गवत भाऱ्यांनी घेतलं. दिवसाला साडेपाच-सहा किलो चारा, त्यात पेंढा चौथा हिस्सा, तोही रात्री गवतात मिसळून. जुंपायच्या आधी किलोभर सुकी लसूणघास, ती घाटावरून येणाऱ्या एका टेंपोवाल्याकडून मिळते. डॉक्टर म्हणाले तिच्यातल्या कॅल्शियममुळे आम्ल मवाळ होतं.

चंदी: गूळ बंद, मका बंद. भरडलेले जव आणि भिजवलेले चणे मिळून ४०० ग्रॅमचा एक वाटा, दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक वेळी आधी गवत. वर थोडं मक्याचं तेल. मीठ चंदीतच. पूर्वी सासरे घाम आल्यावर मुठीने मिठाचं पाणी पाजायचे. डॉक्टरांनी नको सांगितलं, रिकाम्या पोटी तेही पोळतं.

पाणी: गाडीखाली बादली टांगली. "कामात पाणी पाजलं की घोडा फुगतो" हा वाद घरात तीन दिवस चालला.

एक फेरी कमी केली. पैसे कमी झाले. त्याबद्दल काही लिहीत नाही.

दस्तुरीनाका | १५ डिसेंबर, दुपारी १२.४०

माथेरानहून. आमच्याकडे पेट्रोल-डिझेलच्या गाड्या चालत नाहीत, घोडा हाच धंदा, त्यामुळे हा धागा घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आमचे घोडे चढावर ओझं नेतात, पळत कमी. तरी शनिवार-रविवारी दस्तुरीवर (बाहेरच्या गाड्या तिथवरच येतात) गिऱ्हाइकाची वाट बघत चार-चार तास कोरडे उभे असतात. ते उभं राहणं फुकट जातं हे डोक्यातच नव्हतं. जाळ्याची कल्पना उचलतोय. आमच्याकडे कोळीवाडा नाही, कांद्याच्या गोणीचं जाळं चालेल का?

खारवारा | १५ डिसेंबर, दुपारी २.००

चालणार नाही, घोडा ते दाताने फाडून गिळतो. राजावर करून झालंय. अलिबागला कधी आलात तर जाळं देईन.

पागेदार | १५ डिसेंबर, रात्री ७.३०

ताई, गवत घेताना भाऱ्यात हात घालून बघा. मधोमध ऊब लागली किंवा कुबट वास आला तर भारा परत. कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरायला आठवडा पुरतो. आणि जमिनीवर रचू नका. खाली लाकडाच्या फळ्या टाका आणि भिंतीपासून हातभर सोडा.

सोलकढी | १५ डिसेंबर, रात्री ९.१०

वाचनखूण साठवली. घोडा नाही माझ्याकडे, पण तरी.

खारवारा | ६ जानेवारी, रात्री ९.४५

नाताळ ते एक जानेवारी लिहायला फुरसत नव्हती, अलिबागला त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. त्या आठ दिवसांची मला खरी धास्ती होती.

२८ दिवस पूर्ण झाले, आता मात्रा उतरवतोय. जांभया थांबल्या. लीद गोळ्यांची. तंग कसताना अजून कान मागे टाकते, पण चावत नाही. डॉक्टर म्हणाले दुखणं गेलं तरी आठवण राहते, तंग एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने आवळा. छातीचा घेर १५० वरून १५४ झाला, म्हणजे त्याच सूत्राने २९० किलोच्या जवळ.

परत दुर्बीण करायला हवी, तीही पुढच्या पंधरवड्यात. वरचं भरलं असेल असा अंदाज आहे, खालच्या चट्ट्यांचं बघितल्याशिवाय कळणार नाही.

३० तारखेला एक चूक झाली. गिऱ्हाईक थांबेना, सासरे तीन फेऱ्या सलग घेऊन आले, जाळं रिकामं. संध्याकाळी तिने चंदीतून तोंड काढलं आणि पाय उकरायला लागली. चंदी काढून घेतली, रात्रभर नुसतं गवत दिलं. सकाळी ठीक होती. सासरे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला स्वतः जाळं भरत होते. मी काही बोलले नाही.

मुरूडचा_म्हादू | ७ जानेवारी, सकाळी ९.२०

धागा पूर्ण वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या (नंदुरबार) घोडेबाजारात चार वर्षांची घोडी घेतली. ती अजून तिकडेच नातेवाइकांकडे आहे, येत्या आठवड्यात ट्रकने मुरूडला आणायची. बारा-चौदा तासांचा प्रवास. विकणारा म्हणाला निघायच्या आधी उपाशी ठेवा, पोट हलकं राहतं. इथलं वाचून शंका आली.

डॉ. नालबंद | ७ जानेवारी, दुपारी १.३०

उपाशी अजिबात ठेवू नका. प्रवास, नवी जागा, सोबत्यापासून ताटातूट आणि त्यात रिकामं पोट, यातूनच अल्सर होतात. धान्य मात्र आदल्या रात्रीपासून कमी करा, प्रवासात नकोच. ट्रकमध्ये तोंडासमोर गवताचं जाळं सतत हवं. दर तीन-चार तासांनी गाडी थांबवून पाणी द्या. अनोळखी चवीचं पाणी घोडा पीत नाही, म्हणून तिकडचंच दोन कॅन भरून घ्या. मुरूडचं मचूळ पाणी तिला पहिले काही दिवस रुचणार नाही.

डोकं उंच आणि आखडून बांधू नका. मान खाली घालून शिंकरता आलं नाही तर धूळ छातीत जाते आणि न्यूमोनिया होतो. थांबाल तेव्हा दावं सैल करा. ती तिकडे काय खात होती ते विचारून त्याच चाऱ्याची दोन पोती सोबत आणा आणि दहा-बारा दिवसांत इथल्या चाऱ्यात मिसळत बदला.

मुरूडचा_म्हादू | ७ जानेवारी, दुपारी २.०५

ज्वारीचा कडबा खाते तिकडे. तो आणतो. जाळं कोळीवाड्यातून आजच घेतो, दोऱ्याचं.

खारवारा | ७ जानेवारी, दुपारी २.४०

तीनदा धुवा. आणि मुरूडला उतरवलीत की इथे लिहा.